अंकुशसोबत कोण होतं

सकाळची गर्दी ओसरली होती. तुमसरच्या मुख्य रस्त्यावरच्या पहिल्या मजल्यावरच्या लॅबमध्ये रत्नमाला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती आणि तापाच्या एका रोग्याच्या रक्तात मलेरियाचे जंतू शोधत होती. हे काम तिच्या आवडीचं होतं. काचेवर जे असतं ते दिसतं, जे नसतं ते दिसत नाही. खाली धानाचे ट्रॅक्टर एकामागे एक अडकून हॉर्न वाजवत होते. त्या गोंधळात तिचा फोन दोनदा वाजून थांबला. पुन्हा वाजला तेव्हा तिनं चिडून हातमोजा काढला.

“ताई,” तिकडून अश्विन अक्षरशः ओरडत होता, “अंकुश दिसला!”

रत्नमालेनं काच तशीच टाकली. पर्स घेतली की नाही हे तिला जिना उतरून झाल्यावर आठवलं.

अंकुश तिचा धाकटा भाऊ. आंबागडला गडाच्या पायथ्याशी त्यांचं घर. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, घरी आई बायजाबाई आणि ही दोन भावंडं. रत्नमाला पस्तिशीला टेकलेली, अंकुश तिच्याहून पुष्कळ लहान. त्याला कडेवर घेऊन तिनं शाळेचा अभ्यास केला होता. तो जेसीबी चालवायचा, खळखळून हसायचा, कुणाशी वैर नाही की कुणाच्या अध्यामध्यात नाही. दीक्षाभूमीवरून घरचे सगळे परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो दात घासत अंगणाबाहेर गेला तो गेलाच. फोन घरात चार्जिंगला, पाकीट खुंटीवरच्या पँटमध्ये, चपला दारात. पोलीस म्हणाले, पोरं जातात हैदराबादला कामाला, येईल. अनवाणी, तोंडात ब्रश धरून कोण हैदराबादला जातं, असं रत्नमालेनं विचारलं होतं. तेव्हापासून बायजाबाई जेवायला बसायची आणि ताटाकडे पाहत उठायची.

अश्विन मोटरसायकल चालू ठेवूनच खाली उभा होता. हा काकांचा मुलगा, तुमसरलाच कृषी केंद्रात कामाला. त्याच्या ओळखीच्या एकानं अंकुशला आदल्या दिवशी अड्याळच्या बाजारात पाहिलं होतं, बांगड्यांच्या दुकानापाशी. ओळख पटली, हाक मारली, पण गर्दीत तो पुढं निघून गेला.

“तोच होता ना? नक्की?”

“तोच होता म्हणते. हसून राहिला होता म्हणते.”

हसत होता! रत्नमालेला वाऱ्यात एकटीलाच हसू फुटलं. मोहाडी गेलं, भंडारा गेलं, पहेला गेलं. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, रचून ठेवलेले पुंजणे, उन्हात पिवळं धमक झालेलं सगळं. ती मागून सारखी अश्विनच्या खांद्यावर थापा मारत होती. “अजून जोरात घे ना रे!”

बाजार कालच संपला होता तरी पार्वताबाईचं बांगड्यांचं दुकान उघडं होतं. रस्त्याच्या कडेला छत, आत काचेच्या बांगड्यांच्या माळा, आणि मध्ये पानानं तोंड रंगलेली म्हातारी. रत्नमालेनं धापा टाकत मोबाइलमधला फोटो तिच्यापुढं धरला.

“आजी, हा पोरगा काल इथं आला होता का?”

पार्वताबाईनं फोटो पाहिला, मग रत्नमालेकडं पाहिलं आणि ती हसली.

“मले कायले इचारून राहिली बाई? तूच तं होती त्याच्यासंग.”

“मी?”

“मंग कोण? भावानं बांगड्या भरून देल्ल्या म्हणून किती खूश होती तू. एक फुटली, हातात काच गेली. दाखव, बुजलं का ते?”

असं म्हणत तिनं रत्नमालेचा उजवा हात ओढून घेतला. मनगट कोरं होतं. ना जखम, ना बांगडी. लॅबमध्ये हातमोजे घालावे लागतात म्हणून तिनं कित्येक वर्षांत बांगडी घातलेली नव्हती. म्हातारीचं हसू जरा उतरलं. पण तिनं हात सोडला नाही. अंगठ्याखालचं हाड चाचपलं. लहानपणी झाडावरून पडल्यावर ते वाकडं जुळलं होतं.

“हेच हाड,” ती हळूच म्हणाली. “याच्यापायीच बांगडी अडकली होती.”

अश्विन मोठ्यानं हसला. “आजी, दिवसभर किती हात पाहत असशीन तू!” पार्वताबाई मात्र हसली नाही. हात सोडून तिनं आपला तळवा लुगड्याला पुसला.

परतताना रत्नमालेचं डोकं भराभर चालत होतं. घाबरायचं काय त्यात? उलट धागा सापडला होता. कुणी एक बाई, साधारण आपल्यासारखी दिसणारी, अंकुशला घेऊन फिरत होती. त्याला काही झालं असेल, डोक्याला मार बसला असेल, त्याला काही आठवत नसेल, आणि ती त्याची बहीण म्हणवून घेत असेल. “ती मले एकदा सापडू दे,” ती अश्विनला म्हणाली. “अशी झिंज्या धरून आणते का नाही पाह्य.” तिला राग आला होता, आणि त्या रागातही आनंद मावत नव्हता. भाऊ जिवंत होता.

बायजाबाईनं सगळं ऐकून घेतलं. कोण बाई, कशी बाई, तिनं काहीच विचारलं नाही. “बारीक झाला का तो? जेवला होता का?” एवढंच. मग कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली आणि ताट उचलताना म्हणाली, “तू होती ना त्याच्यासोबत. मंग मले काही घोर नाही.”

“माय, मी नव्हती. दुसरी कोणी होती.”

“हो, तेच म्हणते,” बायजाबाई म्हणाली आणि मोरीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बपेऱ्याहून फोन आला. अश्विननं अंकुशचा फोटो सगळीकडं पाठवला होता, तो तिथल्या भय्याजींनी पाहिला. मध्य प्रदेशच्या सीमेला लागून त्यांचं चहा-नाश्त्याचं हॉटेल. “लवकर या,” एवढंच ते म्हणाले आणि फोन ठेवला.

सिहोऱ्याच्या रस्त्यानं दोघं सुसाट निघाले. वाटेत अश्विननं मान अर्धी वळवली.

“ताई, परवा बाजाराच्या दिवशी तू कोठं होती?”

“लॅबमध्ये. कोठं राहीन?”

“दिवसभर?”

“अश्विन!”

“नाई, असंच इचारलो.”

हॉटेल रिकामं होतं. कढईत आलुबोंड्याचं तेल तापलेलं, पण तळायला कुणी नव्हतं. भय्याजी गल्ल्यामागं उभे होते. रत्नमालेला पाहून त्यांचा चेहरा असा झाला की त्यांनीच बोलावलं होतं हे खरं वाटेना. आतून त्यांची बायको सत्यभामाबाई परात घेऊन आली, रत्नमालेवर तिची नजर पडली, आणि आली तशी ती उलट्या पावली आत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

“कोठं हाये माह्या भाऊ?” रत्नमालेनं विचारलं.

“आत्ताच तं उठले दोघंही. ते पाहा, टेबलही पुसला नाही अजून.”

“दोघं म्हणजे?”

भय्याजींनी अश्विनकडं पाहिलं, जणू मध्ये पडून त्यानं काहीतरी बोलावं. मग खालच्या आवाजात म्हणाले, “मॅडम, राग नका मानू. ते बाई अशीच होती. हाच चेहरा, हाच आवाज. जाताना मले म्हणे, माह्यामागून माह्यासारखीच एक येईन. भावाले इचारीन. तिले चहा-पाणी द्या, बसवून ठेवा. जाऊ नका देऊ लवकर.”

कोपऱ्यातल्या टेबलावर दोन बशा होत्या. एक चाटूनपुसून साफ केलेली, दुसरीत अर्धा आलुबोंडा. दोन ग्लास. त्यातला एक उपडा घातलेला होता.

रत्नमालेला घरी सगळे यावरून चिडवायचे. पाणी पिऊन झालं की ती ग्लास उपडा घालते, कुणाच्याही घरी, कुठंही. तिनं ग्लासकडं पाहिलं. अश्विनही पाहत होता. ग्लासच्या कडेखालून पाण्याची ओल टेबलावर पसरत होती, अजून ताजी.

“कोणीकडं गेले?” तिनं विचारलं. तिचा आवाज तिलाच चढा वाटला.

“आंबागडले. म्हणे, गडावर थोडं बसू, मंग घरी जाऊ.”

गडावर! म्हणजे घराशेजारीच! रत्नमालेला त्या क्षणी बाकी सगळ्याचा विसर पडला. चेहरा, ग्लास, कडी, काही नाही. भाऊ तिच्यापुढं जेमतेम काही मिनिटं होता. ती पळतच बाहेर आली आणि अश्विनच्या आधी गाडीवर बसली. “चाल! आज सोडत नाही.”

रस्ता खराब होता, अश्विन खड्डे न चुकवता दामटत होता. सिहोरा, तुमसर, मग आंबागडचा फाटा. समोर गडाची टेकडी वर वर येऊ लागली. साग, ऐन, तेंदूची झाडं, आणि वर उन्हात उघडी पडलेली काळी तटबंदी. लहानपणी दोघं बहीणभाऊ तिथं बोरं वेचायला जायचे. पायथ्याशी गाडी टाकून ती पायऱ्या चढायला लागली. ऊन कलतं होतं, पण चांगलं लख्ख होतं. वाळलेली सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. एरवी तिथं वानरांची टोळी असते. आज एकही वानर नव्हतं.

अर्ध्या वाटेवर कलाबाई भेटली, गावातली, डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन उतरत होती.

“अव, तू खाली केव्हा उतरली?” तिनं विचारलं. “आता तं वर दिसली होती मले, अंकुशले गाणं म्हणून दाखवत होती.” आणि उत्तराची वाट न पाहता ती मोळी सावरत निघून गेली.

दरवाज्याची कमान आली. आणि कमानीतून आत पाऊल टाकताच रत्नमालेला ऐकू आलं.

अंकुश हसत होता.

तसाच, खळखळून. तिला रडू फुटलं. दम लागलेला विसरून ती गवतातून पळत सुटली.

तो तटावर बसला होता. कोपऱ्यातल्या बुरुजाला लागून, दरीकडं पाठ करून. अंगात इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, पायात नव्या चपला. हरवलेल्या माणसासारखं काहीच नव्हतं त्याच्यात. उलट तब्येत सुधारली होती.

“अंकुश!”

त्यानं पाहिलं. हसू मावळलं. तो उभा राहिला आणि एक पाऊल मागं सरकला, तटाच्या कडेकडं.

“येऊ नको,” तो म्हणाला.

“अरे, मी ताई.”

“माहीत हाये मले तू कोण होस ते. ताईनं सांगतलं. माह्यासारखीच दिसन म्हणे, माह्यासारखीच बोलन. तिच्याजवळ नाही जायचं.”

“कोठं हाये तुही ताई?”

“हे काय, बुरजामागं. येऊनच राहिली.”

रत्नमालेनं मागं पाहिलं. अश्विन तिच्या बरोबर नव्हता. तो कमानीजवळच थांबला होता, आणि तो अंकुशकडं नाही, तिच्याकडं पाहत होता.

“अंकुश, काहीही इचार मले,” ती म्हणाली. “जे फक्त आपल्या दोघांले माहीत हाये ते इचार.”

तो विचारात पडला. त्याचे डोळे भरून आले होते. अजून लहानच होता तो.

“मी तलावात पडलो होतो,” तो म्हणाला. “तू ओढून काढलं. तेव्हा तू काय म्हणली होती?”

तिला ते आठवायची गरजच नव्हती. चिखलानं माखलेलं, थरथरणारं ते पोर, तिनं आपल्या फ्रॉकनं त्याचं डोकं पुसलं होतं. तिनं तोंड उघडलं.

“मायले सांगू नको. कपडे वाळतपर्यंत आपण इथीच बसू.”

बुरुजामागूनही तेच आलं.

त्याच क्षणी. तोच आवाज, तीच धाप, ‘इथीच’वर तोच हेल. एकच वाक्य दोन बाजूंनी आलं.

अंकुशनं कानांवर हात ठेवले. तो एकदा रत्नमालेकडं, एकदा बुरुजाकडं पाहू लागला आणि मागं सरकला. टाचेखालचा एक दगड सुटला. तो खाली कुठंतरी आपटल्याचा आवाज फार उशिरा आला.

“अंकुश, इकडं ये!” रत्नमाला ओरडली.

“अंकुश, इकडं ये!” बुरुजामागून.

तो आणखी मागं सरला. आता टाचा हवेत होत्या.

रत्नमालेनं तोंड मिटलं. ती एक शब्दही बोलली तर तिकडूनही बोलणं येणार होतं, आणि दोन हाकांच्या मध्ये तो कडेवर उभा होता. मागं दरी होती.

ती खाली गवतात बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. आणि शक्य तितक्या सावकाश म्हणाली,

“तुहं बरोबर हाये. मी तुही ताई नाही.”

बुरुजामागं शांत होतं.

“ते खरी हाये. मी खोटी. मी इथीच बसून राहते, उठत नाही. तू उतर. अश्विनसंग घरी जा. माय वाट पाहून राहिली.”

अंकुशचे खांदे खाली आले. त्यानं डोळे पुसले. आणि शहाण्या मुलासारखा तटावरून उतरला, तिला लांबून वळसा घालून अश्विनकडं गेला, त्याचा दंड धरला. अश्विननं त्याला घट्ट धरलं. जाताना अंकुशनं रत्नमालेकडं एकदा वळून पाहिलं. तिनं त्याला मान हलवून ‘जा’ म्हटलं. पण त्याच्या नजरेत आभार नव्हते. सुटका होती. तिनं कबूल केलं ते त्याला खरं वाटलं होतं.

पावलं पायऱ्यांवरून खाली गेली. दोघांची. मग, ती कान देऊन ऐकत होती म्हणून कळलं, तिघांची.

ती उठून बुरुजामागं गेली. तिथं कुणी नव्हतं. बाहेर जायला वाटही नव्हती, तीन बाजूंना भिंत. गवत दबलेलं होतं आणि सावलीत एक सपाट दगड. तिनं त्यावर हात ठेवला. तो गरम होता.

ती कशी उतरली ते तिला नीट कळलं नाही. दिवेलागणीला ती घराच्या अंगणात आली. भाऊ घरी पोचला होता, जिवंत होता; राहून राहून तिच्या मनात तेच उसळत होतं. बाकीचं सगळं ती समजावून सांगणार होती. आई होती ना. आईला कळणार नाही असं होणार नव्हतं.

दार ओढलेलं होतं. आतून भांड्यांचे आवाज, अंकुशचं हसणं. मग कुणीतरी त्याला वाढत वाढत काहीतरी बोललं आणि तो पुन्हा हसला. तो बोलणारा आवाज रत्नमालेनं आयुष्यभर स्वतःच्या तोंडून ऐकला होता.

तिनं कडी वाजवली नाही. तरी दार किलकिलं झालं आणि बायजाबाई बाहेर आली. मागं दार ओढून घेतलं.

“माय,” रत्नमाला म्हणाली, “कसा हाये तो?”

“जेऊन राहिला. दुसऱ्यांदा भात घेतला त्यानं.” बायजाबाईच्या चेहऱ्यावर असं तेज कित्येक दिवसांत दिसलं नव्हतं.

“मी येऊ आत?”

बायजाबाईनं तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, ताप पाहतात तसा. कपाळावरून अंगठा फिरवला, केसांत अडकलेलं सागाचं वाळलं पान काढून टाकलं. तिचे हात उबदार होते आणि ती रडत होती.

“आज नको, बाई,” ती म्हणाली. “तुले पाहून घाबरते तो. मोठ्या मुश्किलीनं आला हाये.”

“माय, मी...”

“थांब, उपाशी असशीन.”

ती आत गेली, झाकलेलं ताट घेऊन आली, ते ओट्यावर ठेवलं आणि तिच्याकडं न पाहता परत आत गेली. कडी लागली.

“कोण होतं वो, माय?” आतून आवाज आला. रत्नमालेचाच.

बायजाबाईनं काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही.

रत्नमाला ओट्यावर बसली. बऱ्याच वेळानं तिनं ताटावरचं झाकण काढलं. भात, वरण, आणि अंकुशच्या आवडीची आलू-वांग्याची भाजी. रत्नमालेनं लहानपणापासून वांगं कधी तोंडात घेतलं नव्हतं, आणि हे तिच्या आईइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

ताटातल्या भाजीत नुसते आलू होते. वांगी एकेक करून वेचून काढलेली होती.